लाल ट्रेमधल्या प्लेटा

प्रिय सोपानमामा,

चौदा वर्षं कॉलेजच्या लॅबमध्ये तुम्हाला ‘मामा, हे धुवा’, ‘मामा, ते आणा’ एवढंच म्हणत आले. ‘प्रिय’ हा शब्द आज पहिल्यांदा लावते आहे, आणि तोही तुम्ही नसताना. तुम्ही असतात तर अवघडून "काय म्याडम..." म्हणाला असतात आणि पुसलेलंच टेबल पुन्हा पुसायला घेतलं असतंत.

आज रविवार. घरातले सगळे जेवून आडवे झालेत आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आहे. समोर अंकिताचा अर्ज आहे. हो, तुमचीच नात. यंदा बारावी होऊन आपल्या कॉलेजात आली, सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं. आता दीड महिन्यात तिला ते सोडून भूगोल हवा आहे. कारणाच्या ओळीत तिने ‘वैयक्तिक’ एवढंच लिहिलंय. विभागप्रमुख म्हणून सही माझी लागते, आणि विषय बदलायचा उद्या शेवटचा दिवस आहे.

ते वैयक्तिक कारण मला पक्कं ठाऊक आहे. कारण मीच आहे, मामा. म्हणून आज तुम्हाला लिहायला बसले.

कुठून सुरुवात करू? त्या मातीपासूनच करते.

तुम्हाला आठवतंय ना, आधी आपली प्रॅक्टिकलं कशी असायची? उत्तर मला माहीत, मुलांना माहीत, तुम्हालाही माहीत. मुलं शेजारच्याच्या वहीतून उतरवून घ्यायची आणि मी लाल पेनाने बरोबरच्या खुणा करायची. त्याचा मला वीट आला आणि मी नवंच काढलं. प्रत्येकाने आपल्या माहितीच्या जागेची चमचाभर माती आणायची. मातीतले जिवाणू जागेसाठी एकमेकांशी भांडतात, दुसऱ्याला मारणारं काहीबाही सोडतात, आपली कितीतरी प्रतिजैविकं त्यातूनच आली. आता जुनी औषधं लागू पडेनाशी झालीत, तर आपल्या मुळशीच्या मातीत काही नवं सापडतंय का ते बघू, असं मी वर्गात ठणकावून सांगितलं. मुलं हसली. तुम्ही मात्र दाराशी उभे राहून सगळं ऐकलंत.

मग काय, माती यायला लागली! धरणाच्या काठची, देवराईतली, रिसॉर्टच्या लॉनमधली, पिरंगुटच्या कंपनीच्या गेटाबाहेरची. एका पोरीने कोंबड्यांच्या खुराड्यातली आणली आणि दोन दिवस लॅबला वास मारला. तुम्ही प्रत्येक पुडीवरचं नाव बोट ठेवून वाचायचात. सातवीपर्यंत शिकलेले तुम्ही, पण आपल्या लॅबमधली एकही बाटली अशी नव्हती जिचं लेबल तुम्ही वाचलेलं नव्हतं. ‘पो-टॅ-शि-यम’ असं फोडून फोडून वाचायचात आणि मग विजयी चेहऱ्याने फडताळात ठेवायचात.

मुलांना तर तुम्ही माझ्याआधी शिकवायचात. औषध लागू पडलं तर तक्त्यात एस लिहायचा, नाही पडलं तर आर. मुलांचा हमखास गोंधळ व्हायचा. तुम्ही एकदा सांगितलंत, "एस म्हंजी सरळ, आर म्हंजी रेडा. रेडा हलत न्हाई, तसं औषध चालत न्हाई." त्या वर्षापासून एकाही मुलाचा तो प्रश्न चुकला नाही. मी मात्र तुमचं कौतुक कधी तोंडावर केलं नाही.

मागच्या वर्षी शिमग्याच्या आधी तुम्ही मिठाच्या रिकाम्या पिशवीत माती बांधून आणलीत. "म्याडम, राबाची माती बघा की," म्हणालात. मी परभणीची, आमच्याकडे ज्वारी आणि कापूस. राब काय असतो हे तुम्हीच मला सांगितलंत. भाताची रोपं जिथे करायची तो तुकडा शेण, पालापाचोळा, वाळक्या फांद्या अंथरून आधी भाजून काढतात म्हणे. मी हसलेच. म्हटलं, मामा, भाजलेल्या मातीत काय उरणार? सगळं मेलेलं असणार.

"तण मरतं म्याडम. समदंच मेलं असतं तर भात कशावर उगवला असता?"

मी ‘ठेवा तिकडे’ म्हणून विषय संपवला. नेमकी प्रियांका त्या दिवशी आपली माती विसरून आली होती, म्हणून तुमची पिशवी तिला दिली. नाहीतर ती कोपऱ्यातच पडून राहिली असती.

खरं तर काही जिवाणू स्वतःभोवती टणक कवच करून आच सोसतात, बाकीची गर्दी जळून गेली की त्यांचं फावतं, हे मी पुस्तकातून वर्षानुवर्षं शिकवते आहे. तरी मला सुचलं नाही हो! तुम्हाला भातावरून सुचलं.

आठ-दहा दिवसांत प्रियांकाच्या प्लेटवर ते दिसलं. खडूच्या भुकटीसारखा पांढुरका, कोरडा ठिपका, टोकरला तर प्लेटमधल्या आगरच्या थराला घट्ट चिकटून बसणारा. ज्या निरुपद्रवी जिवाणूवर आपण चाचणी घेतो, त्याचा साईसारखा थर सगळ्या प्लेटभर, आणि या ठिपक्याभोवती रुपयाएवढं मोकळं कडं. आरपार दिसणारं. चार वर्षांत एवढं मोठं कडं आपल्याकडे कुणाच्याच मातीतून आलं नव्हतं. प्रियांका नाचायचीच बाकी होती. तुम्ही त्या दिवशी काही ना काही निमित्त काढून चार वेळा बघायला आलात. शेवटी धीर करून विचारलंत, "हे आमच्या राबातलं?" मी हो म्हटलं. "लई बेणं हाय," म्हणालात आणि हसलात. तुम्हाला दात दिसेपर्यंत हसताना मी त्या एकाच दिवशी पाहिलं.

मी ठरवलं, पुण्यातल्या मोठ्या प्रयोगशाळेत हे पाठवायचं, त्यावर तुमच्या भरेगावचं नाव घालायचं. त्याआधी अजून एकदा तपासून बघायचं म्हणून प्रियांकाच्या प्लेटा एका डब्यात घालून ठेवल्या. असं काही हाती लागलं की त्याची एक जास्तीची प्रत लगेच वेगळ्या नळीत करून ठेवायची असते. पहिल्याच तासाला मी हे शिकवते. केली का मी? नाही. सोमवारी करू म्हटलं.

आता तो शुक्रवार.

मंगळवारी तपासणी समिती येणार होती. प्राचार्यांचा जीव टांगणीला, म्हणून माझाही. मुलांना लवकर घरी पाठवलं आणि मीच टेबलं आवरायला घेतली. कानाशी फोन, फोनवर प्राचार्य, कुठली यादी झाली आणि कुठली राहिली ते विचारत होते. आपल्याकडे दोन ट्रे. निळ्यातलं फ्रीजमध्ये ठेवायचं, लाल ट्रेमधलं फेकायचं. फेकायचं म्हणजे आधी आपल्या मोठ्या कुकरमध्ये वाफेखाली घालायचं, त्यातलं सगळं मारायचं आणि मग प्लेटा धुवायच्या. दर शनिवारी ते काम तुमचं.

सुरुवातीच्या वर्षात तुम्ही लाल ट्रेमधली प्लेट न् प्लेट दाखवून मला विचारायचात, ही टाकू का, ती टाकू का. मी एकदा वैतागले. जुन्या प्लेटांत काय वाढलं असेल सांगता येत नाही, त्या हाताळणं धोक्याचं, म्हणून मी नियमच करून टाकला. लाल ट्रेमधलं उघडायचं नाही, विचारायचं नाही, थेट कुकर. तुम्ही ‘बरं’ म्हणालात, आणि त्या दिवसापासून कधी विचारलं नाहीत.

सोमवारी सकाळी मी आले तेव्हा तुम्ही दारातच माझ्या किल्ल्यांचा जुडगा हातात दिलात. लाल ट्रेमध्ये, डब्याखाली होता म्हणालात. मी घेतला, पर्समध्ये टाकला. घरी शुक्रवारी नवऱ्याने दार उघडलं होतं, त्यामुळे किल्ल्या नाहीत हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. तुम्हाला साधं ‘थँक्यू’ म्हटलं नाही.

अकरा वाजता प्रियांकाने फ्रीज उघडला. डबा नाही. दुसरा फ्रीज उघडला, कपाटं उघडली. सगळा वर्ग शोधायला लागला. तुम्ही आत आलात आणि म्हणालात, लाल ट्रेमधलं समदं शनवारी कुकरला लावलं. तोवर त्याच काचेच्या प्लेटा तुम्ही धुऊन, वाळवून, मांडणीवर रचून ठेवल्या होत्या. किती स्वच्छ दिसत होत्या त्या!

मी काय म्हणाले ते तुम्ही विसरला असाल असं स्वतःला खूपदा समजावलंय. पण तुम्ही विसरला नसणार. चोवीस मुलांसमोर, तुमच्या नातीच्या वयाच्या मुलांसमोर, मी तुमच्यावर ओरडले.

"डब्यावर एवढ्या मोठ्या अक्षरात ‘ठेवणे’ लिहिलंय. वाचता येत नाही का तुम्हाला?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. फार वेळ नाही, क्षणभरच. मग म्हणालात, "चुकलं म्याडम." आणि बाहेर गेलात. मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं.

संध्याकाळी घरी आले. नवरा यायचा होता. दाराशी पर्समधून किल्ल्या काढल्या, कुलुपात घातल्या, आणि माझा हात तिथेच थांबला. किल्ल्या लाल ट्रेमध्ये होत्या. डब्याखाली. म्हणजे आधी मी किल्ल्या ठेवल्या, वर डबा ठेवला. फोनवर बोलता बोलता, निळा सोडून लाल ट्रेमध्ये. प्रियांकाचा डबा मी टाकला होता, मामा. मी. माझ्याच हाताने.

आणि पुढचं ध्यानात यायला मला आणखी थोडा वेळ लागला. तुम्हाला हे माहीत होतं. किल्ल्या तुम्हालाच सापडल्या होत्या. डब्यावरचं ‘ठेवणे’ तुम्ही वाचलंच असणार, तुम्ही वाचल्याशिवाय राहणारे नव्हेतच. पण म्याडमनी स्वतः ठेवलाय, किल्ल्या साक्षीला आहेत, आणि लाल ट्रेबद्दल विचारायचं नाही हा म्याडमचाच नियम. तुम्ही माझं ऐकलंत एवढाच तुमचा गुन्हा!

का बोलला नाहीत? ‘म्याडम, तुमच्या किल्ल्या कुठं घावल्या ते आठवा की,’ एवढंच म्हणायचं होतं. माझी पोरांसमोर शोभा होऊ नये म्हणून? की बोलून उपयोग नाही हे एवढ्या वर्षांत शिकला होतात? मला तुमचा राग येतो कधी कधी. खरंच येतो. तुम्ही तेव्हा बोलला असतात तर मी चिडले असते, दुसऱ्या दिवशी ओशाळले असते, आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. तुम्ही गप्प राहिलात आणि मला लपायला जागा मिळाली.

दुसऱ्या दिवशी सांगणार होते. पण समिती आली. मग होळी, मग परीक्षा. आज सांगते, उद्या सांगते. मध्येच प्राचार्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी तुमच्याकडून लेखी मागितलं. तुम्ही स्टाफरूमच्या बाकावर बसून, रेघांच्या कागदावर, तुमच्या त्या गोल गोल अक्षरात लिहिलंत की नजरचुकीने माझ्या हातून संशोधनाचं साहित्य नष्ट झालं, पुन्हा असं होणार नाही. खाली मी ‘पाहिले’ लिहून सही केली. नेहमीसारखी केली.

प्रियांका चांगली पोर. ती म्हणाली, त्याच मातीतून पुन्हा काढू. पिशवीतली माती संपली होती. तर तुम्ही नवी घेऊन आलात. मग त्याच राबाच्या दुसऱ्या कोपऱ्यातली. मग भावकीच्या राबातली. मग वरच्या आळीतली, जिथे आता बंगल्यांची कुंपणं उठली आहेत तिथल्या उरल्यासुरल्या तुकड्यातली. सगळा चैत्र-वैशाख, सुट्टीतसुद्धा, दर सोमवारी तुमची एक पुडी माझ्या टेबलावर असायची. वर पेन्सिलीने जागेचं नाव. "बघा म्याडम, ह्यात असंल," म्हणायचात. न केलेल्या चुकीची भरपाई तुम्ही करत होतात आणि मी त्या पुड्या घेत होते! त्या ठिपक्याने पुन्हा तोंड दाखवलं नाही. मातीचं असंच असतं, वीतभर बाजूला सरकलं की सगळं बदलतं. मला हे माहीत होतं. तरी मी तुम्हाला ‘पुरे’ म्हटलं नाही.

लावणीत तुमच्या पायाला लागलं. रक्तात साखर होतीच. मामी सांगत होत्या, हळद लावून तसेच चिखलात उभे राहत होतात. पुण्याच्या हॉस्पिटलात नेईपर्यंत जखमेतलं विष घोट्याच्या वर चढलं होतं. तुमच्या मुलाचा फोन आला, "म्याडम, तुमी ह्यातल्या हाय, जरा रिपोर्ट बगता का?" म्हणून मी आले.

तो कागद मी हातात घेतला. औषधांच्या नावांची लांब यादी आणि समोर आर, आर, आर. वर्गात फळ्यावर मी शेकड्यांनी असे तक्ते काढले असतील. ओळखीच्या माणसाच्या नावाने कधी पाहिला नव्हता.

"द्या हिकडं," तुम्ही म्हणालात. उशीवर जरा वर सरकलात, चष्मा मागितलात आणि बोट ठेवून वाचायला लागलात. एकेक ओळ. खालपर्यंत.

"समदे रेडेच हायेत की म्याडम."

मी म्हटलं, नाही मामा, हा बघा, खाली एक एस आहे. होताच एक. तो सुरू केला, पण तुमच्या मूत्रपिंडांना तो झेपला नाही.

तुम्ही कागद घडी करून परत दिलात आणि विचारलंत, "पोरांस्नी मातीत आजून काय घावलं का?"

शोधतोय, मी म्हटलं.

तुमच्या राबातल्या त्या जिवाणूने तुमचा पाय वाचला असता असं मी म्हणत नाही. ठिपक्यापासून गोळीपर्यंत जायला वर्षानुवर्षं लागतात आणि बहुतेक ठिपके वाटेतच मरतात. तुम्हाला खोटी आशा दाखवली नाही, आता स्वतःलाही खोटा दोष देणार नाही. माझा आहे तोच पुरेसा आहे. तेव्हा तुमच्या खाटेजवळ स्टुलावर बसून मला एकच वाक्य बोलायचं होतं. ओठांवर आलं होतं. तेवढ्यात मामी चहा घेऊन आल्या आणि मी ते चहाबरोबर गिळलं. निघताना तुम्ही म्हणालात, "अंकीला तुमच्याच हाताखाली घाला. पोरगी हुशार हाय." मी हो म्हटलं, विश्रांती घ्या म्हटलं. पाचव्या दिवशी तुम्ही गेलात.

तुमच्या मातीला आले होते. मागे उभी राहिले, पुढे यायची छाती झाली नाही.

आता कॉलेजातलं सांगते, हे ऐकायला तुम्ही नाही तेच बरं. आपल्या लॅबमध्ये तुमच्या नावाचा एक शब्दप्रयोग झालाय. कुणाकडून चुकून चांगली प्लेट टाकली गेली की पोरं म्हणतात, ‘झाला सोपानमामा!’ तुम्हाला कधी न पाहिलेली मुलंसुद्धा म्हणतात. कुकरवर कुणीतरी कागद चिकटवला होता, ‘सोपानमामा होऊ देऊ नका, लेबल वाचा’, शेजारी हसरं तोंड काढलेलं. द्वेष नाही त्यात, मुलं आहेत ती. मी तो कागद रोज पाहायची. तीन महिने पाहिला. काढायचा तर कारण सांगावं लागलं असतं.

मागच्या आठवड्यात तुमचं वर्षश्राद्ध झालं. भरेला आले होते. मला पहिल्या पंगतीत, तुमच्या फोटोसमोर बसवलं. मामी स्वतः वाढत होत्या. मी आडून आडून विचारलं, लॅबमधल्या त्या प्रकाराबद्दल मामा घरी काही बोलायचे का? मामी म्हणाल्या, "न्हाई वो. कायतरी झालंय येवढं कळायचं. नीट जेवायचे न्हाईत. इचारलं तर म्हनायचे, म्याडमचं लई नुकसान झालं."

माझं नुकसान! पानातलं टाकता येईना आणि गिळवेना.

म्हणजे घरीसुद्धा कुणाला सांगितलं नाहीत. अंकिताला म्हणूनच काही माहीत नव्हतं. मंगळवारी पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला एका मुलाने भलत्याच ट्रेमध्ये प्लेट ठेवली आणि मदतीला आलेली तिसऱ्या वर्षाची मुलगी ओरडली, "झाला बघ सोपानमामा!" सगळे हसले. वर्गात तुमची नात आहे हे त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. अंकिता सिंकपाशी उभी होती. तिने नळ बंद केला आणि शेजारणीला विचारलं, हे काय म्हणतात? शेजारणीने कौतुकाने सगळी गोष्ट सांगितली, कुकरवरचा कागदही दाखवला.

सगळे गेल्यावर ती माझ्याकडे आली. तुमच्यासारखीच दाराला टेकून उभी राहिली.

"म्याडम, आमच्या आज्यानं खरंच ते औषध उकळून टाकलं?"

यावेळी ना समिती होती, ना मामींचा चहा. लॅबमध्ये आम्ही दोघीच होतो. आणि मी म्हणाले, "जुनं झालं गं ते, सोड आता." ती ‘बरं’ म्हणाली. त्या ‘बरं’मध्ये तुम्ही होतात, मामा. गुरुवारी हा अर्ज माझ्या टेबलावर होता.

ती आल्यापासून मी पाहते आहे. प्लेट ओतताना हात जरा हलत नाही. वास घेऊन सांगते की जिवाणू वाढवायचं हे माध्यम जास्त शिजलंय. कुठून शिकली हे विचारायची गरजच नाही. आणि ही पोर या लॅबमधून जाते आहे, कारण इथे तिच्या आजोबांच्या नावावर हसतात आणि ज्या बाईला खरं माहीत आहे ती ‘सोड आता’ म्हणते.

काल कॉलेजात जाऊन कुकरवरचा कागद काढला. पण कागद काढून काय होतंय? कागद कुकरवरचा, गोष्ट पोरांच्या तोंडात.

म्हणून तुम्हाला शब्द देते. उद्या सव्वाअकराला पहिल्या आणि तिसऱ्या, दोन्ही वर्गांना मी लॅबमध्ये एकत्र बोलावलं आहे. तसा निरोप गेला आहे, आता मला मागे फिरता येणार नाही. त्यांच्यासमोर सांगणार आहे की तो डबा लाल ट्रेमध्ये मी ठेवला, जास्तीची प्रत मी केली नाही, आणि हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. ती माती कुणाच्या राबातली आणि ती आणायचं कुणाला सुचलं, हेही सांगणार आहे. बारा वाजता प्राचार्यांकडे जाऊन तुमच्या त्या लेखी माफीवर माझं लेखी पत्र लावायचं आहे. ते लिहून तयार आहे. आता घरात कुणी ऐकत नसताना मी ही वाक्यं मोठ्याने म्हणून पाहिली.

त्यानंतर अंकिताचा अर्ज. तिला थांब म्हणणार नाही. तुमच्या शेवटच्या बोलण्याची शपथ घालणार नाही. तो हक्क मी मंगळवारी घालवला. ती जाते म्हणाली तर तिथेच सही करून देईन आणि दारापर्यंत पोचवायला जाईन.

एकच सलतं, मामा. तुम्ही उद्या तिथे असतात तर माझ्या पहिल्या वाक्यालाच पुढे आला असतात आणि ‘जाऊ द्या म्याडम’ म्हणून मला गप्प केलं असतंत. मीही गप्प झाले असते. तुम्ही अडवायला नाही, म्हणून मला खरं बोलता येतंय. याची लाज घेऊनच उद्या उभी राहणार आहे.

तुमच्या नावाची देणेकरीण,
मंगल म्याडम